गोणपाटाच्या अलीकडे

मी जांभळी. कडेगावच्या कृष्णात दफेदारांच्या गोठ्यात म्हशीशेजारी बांधलेली एकोणीस वर्षांची घोडी. माझा स्वभाव हेवेखोर आहे हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढे कुणी मला साधीभोळी समजून फसायला नको. मुक्या जनावराला कसला आलाय हेवा, असं काहीजण म्हणतात. त्यांनी एकदा माझ्यासमोर म्हशीच्या पाठीवरून हात फिरवून बघावा.

हेवा मला लहानपणीच चिकटला. वडूजच्या पलीकडे माळावर हरिबा धनगराची मेंढरं बसली होती, तिथे माझा जन्म झाला. माझी आई त्याचं सगळं बिऱ्हाड पाठीवर वाहायची. भांडी, घोंगड्या, कोंबड्या आणि वाटेत जन्मलेली कोकरं. कोकरं तिच्या पाठीवर बसून ऐटीत जायची आणि मी, तिच्या पोटची, मागून पायी चालायचे. अजूनही कोकरू दिसलं की माझे कान मागे जातात.

माझ्या डाव्या डोळ्याखाली केसांचा एक भोवरा आहे. घोडेवाले त्याला आसवांचा भोवरा म्हणतात. असं जनावर ज्याच्या दारात जातं त्याच्या घरात रडारड होते, अशी त्यांची समजूत. हरिबानं मला लोणंदच्या बाजारात उभी केली तेव्हा गिऱ्हाइकं यायची, पाय बघायची, दात बघायची, मग तोंडाजवळ येऊन थबकायची आणि शेजारच्या घोड्याकडे वळायची. त्या दिवशी बाजारातल्या एकूण एक घोड्याचा मी हेवा केला.

दुपार कलल्यावर कृष्णात आले. फौजेत वीस वर्षं घोड्यांत काढून ते नुकतेच पेन्शनीवर आले होते. त्यांनी माझे चारी खूर उचलून बघितले, मला थोडं चालवून पाहिलं आणि घेतो म्हणाले. हरिबा मनाचा सरळ; त्यानं स्वतःहून भोवरा दाखवला. कृष्णातांनी तो बघितला आणि हसले.

"रडाय घोडी कशाला लागती, हरिबा," ते म्हणाले. "माणसं बिनघोडीची बी रडत्यातच की."

घरी त्यांच्या बायकोनं, लीलाबाईंनी, माझ्या पायावर पाणी घातलं, पण तोंड दुसरीकडे करून. मग भोवऱ्यावर काजळाचं बोट टेकवलं. पुढे कित्येक वर्षं दर अमावास्येला त्या ते काजळ न चुकता लावत राहिल्या. बाई वाईट नाहीत, फक्त भित्र्या आहेत, आणि माझ्या वाटणीची भाकरी त्या कधी विसरल्या नाहीत.

त्यांची मुलगी रेश्मा तेव्हा दोन वर्षांची होती. कृष्णात तिला पुढ्यात बसवून मला गावात फिरवायचे. सातव्या वर्षी ती एकटी बसायला लागली आणि त्या दिवसापासून ती माझी झाली. रोज शाळेच्या आधी आम्ही कालव्याच्या कडेनं जायचो. लगाम ती माझ्या मानेवर टाकून द्यायची. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, कुठलं गवत ओरबाडायचं, ते मी ठरवायचे. कुणाच्या तरी फडातला ऊस ती हळूच मोडायची; अर्धा तिचा, अर्धा माझा. आणि सगळा वेळ तिचं तोंड चालू असायचं. तिच्या शाळेतल्या बाईंपासून शेजारच्या विनोदिनीकाकूंच्या सुनेपर्यंत कडेगावची कुठलीही भानगड मला विचारा.

ती बारा वर्षांची झाल्यावर कृष्णातांनी तिला फौजेतला खेळ शिकवायला घेतला. जमिनीत लाकडाची मेख रोवायची, घोडं चौखूर सोडायचं आणि पळत्या घोड्यावरून वाकून भाल्याच्या टोकानं ती मेख उचलायची. ऐकायला सोपं वाटतं. पहिलं वर्षभर तिनं मेखेपेक्षा मातीच जास्त उचलली. पण हुकलं की ती हसायची, मी फुरफुरायचे, आणि आम्ही परत कालव्यावर जायचो. मग हळूहळू मेखा येऊ लागल्या.

गेल्या वर्षी जवळच्या एका गावाच्या यात्रेत तिनं फौजेतून रजेवर आलेल्या चार जवानांना मागे टाकलं. तिथे सांगलीचे अवधूत सर आले होते. ते मुलांना हाच खेळ शिकवतात. त्यांनी रेश्माचं कौतुक केलं आणि सांगितलं की अठराच्या आतल्या मुलांचा राज्याचा संघ पुढच्या वर्षी सांगलीत निवडला जाईल. चार फेऱ्या, त्यात तीन मेखा, आणि तेही ठरलेल्या वेळात. वयामुळे रेश्माला ही एकच संधी. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हात फार सुरेख आहे हिचा," ते कृष्णातांना म्हणाले. "घोडी मात्र आता वयानं झाली. या वेळात नाही बसायची."

माणसं आपल्या देखत आपल्याबद्दल काय वाटेल ते बोलतात. मी रेश्माकडे बघत होते. ती काहीतरी म्हणेल असं मला वाटलं होतं. तिनं माझी मान थोपटली, पण तिचे डोळे सरांकडे होते.

दिवाळीनंतर घरचे सगळे अकलूजच्या घोडेबाजाराला गेले. कृष्णातांना तिथे एक साधा तांबडा घोडा पसंत पडला होता, हे मला पुढे त्यांच्या वादावादीतून कळलं. पण लीलाबाईंना आणि रेश्माला दुसराच दिसला. काळाभोर, चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, आणि गळ्याखाली देवमन. देवमन म्हणजे भाग्याचा भोवरा. तो ज्या घोड्याला असतो त्याच्या मालकाची भरभराट होते म्हणतात. कृष्णात म्हणाले, घोड्याचे डोळे भिरभिरतायत. लीलाबाई म्हणाल्या, एका भोवऱ्याचं ऐकलं नाहीत, निदान या भोवऱ्याचं तरी ऐका. लेकीच्या तोंडाकडे बघून कृष्णातांनी पैसे मोजले. टेम्पोतून शौर्य उतरला.

उतरल्या उतरल्या लीलाबाईंनी त्याला ओवाळलं, तोंडाकडे बघून. आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या नि त्याच्या जागेमध्ये खांबाला खांब जोडून गोणपाट ताणलं. माझ्या भोवऱ्याची सावली देवमनावर पडू नये म्हणून. सावलीतली माझी जागा त्याला गेली आणि मी गोणपाटाच्या अलीकडे, म्हशीच्या बाजूला आले.

तिथून पुढचे आठ महिने मी जळले. दुसरा शब्द नाही. त्याला पंखा. त्याला भिजवलेले हरभरे, वर गूळ. त्याच्या अंगाला खरारा दोनदा, माझ्या अंगाला कुणाला आठवण झाली तर. गोणपाटाला कान लावून मी मोजायचे, रेश्मा त्याच्याजवळ किती वेळ थांबते. ती माझ्याकडे यायची ती घाईत. पाण्याची बादली ठेवायची, "जांभे, नंतर येते गं" म्हणायची आणि जायची. ते नंतर कधी उजाडलं नाही.

सरांनी सांगितलं होतं, घोड्याची ताकद राखा, कामापुरताच बाहेर काढा. म्हणून शौर्यावर खोगीर चढलं की तो थेट मेखांच्या पट्टीवर जायचा, पळायचा, घामाघूम होऊन परत यायचा आणि पुन्हा गोणपाटामागे. कालवा त्यानं बघितलाच नाही. रेश्मासुद्धा आता बघत नव्हती. हातात मोबाइल, त्यात पळणारे आकडे, आणि भिंतीवर खडूनं लिहिलेली रोजची वेळ. आकडा कमी झाला तरी ती हसत नसे. त्याहून कमी का नाही झाला म्हणून कपाळाला आठ्या. जेवण सुटलं, बोलणं सुटलं. विनोदिनीकाकूंच्या सुनेचं पुढे काय झालं ते मला आजतागायत माहीत नाही.

वेळ सुधारली तशा मेखा हुकू लागल्या. खोगीर दिसलं की शौर्य जागच्या जागी नाचायचा, तोंडाला फेस आणायचा, पट्टीवर उधळायचा. रेश्मा त्याला भिऊ लागली. ती हे कुणाला सांगत नव्हती, पण मला तिच्या पावलांच्या आवाजावरून कळत होतं. आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं. ती थकून आली, हुकून आली, की मी मनातल्या मनात म्हणायचे, घे अजून देवमन.

निवड तीन आठवड्यांवर आली तेव्हा एका संध्याकाळी त्यानं तिला पाडलं. चारही फेऱ्यांत एकही मेख आली नव्हती. खरचटलेल्या कोपरानं ती गोठ्यात आली आणि मी कान टवकारले, कारण लागलं खुपलं की ती नेहमी माझ्या मानेत तोंड खुपसून रडायची. पहिल्यांदा पडली तेव्हा, आजी गेली तेव्हा, दहावीचा निकाल लागला तेव्हा. मी मान खालीसुद्धा केली. ती गोणपाटाच्या पलीकडे गेली. त्यानंच पाडलं होतं, आणि त्याच्याच गळ्यात पडून ती हमसाहमशी रडली.

गूळ गेला, सावली गेली, ते मी सोसलं होतं. तिची आसवं माझ्या हक्काची होती. ती घरात गेल्यावर मी गोणपाट दातांनी ओढून खाली पाडलं आणि शौर्याच्या पाठीचा कडकडून चावा घेतला, बरोबर खोगीर बसतं तिथे. तो मागे सरला नाही. नुसता थरथरत उभा राहिला आणि मग, चावा घेतलेल्या मलाच, येऊन चिकटला.

सकाळी जखम सुजली होती. कृष्णातांनी दातांचे व्रण बघितले, मग माझा ओठ वर करून बघितला. माझा एक दात तुटका आहे. लीलाबाईंनी कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या की पंधरा वर्षांनी का होईना, भोवऱ्यानं आपलं खरं केलंच. हरिबाची मेंढरं तेव्हा गावाबाहेरच्या पडीक रानात बसली होती. त्याच्याकडे हिला परत धाडा, असं त्यांचं म्हणणं. मी रेश्माकडे बघितलं.

"न्या हिला," ती म्हणाली. "माझं वरीस खाल्लं हिनं. मला हिचं तोंड बगायचं न्हाई."

कृष्णात तिथेच उकिडवे बसले. त्यांनी चंची काढली, पान लावलं, पण खाल्लं नाही. मग उठले, खाली पडलेल्या गोणपाटाची घडी केली आणि ती लीलाबाईंच्या हातात दिली.

"चूक घोडीची न्हाई, माजी हाय," ते म्हणाले. "पल्टनीत नवं घोडं गरम निगालं तर त्याला जुन्या घोडीच्या जोडीनं नुसतं चालवायचे. म्हैना-म्हैना चालवायचे. मी हे इसरलो. तुमी दोघी भोवरं बगत बसला आन् मी तुमच्या तोंडाकडं बगत बसलो. ह्या पोरानं आट म्हैन्यात दुसरं घोडं बगितलं न्हाई. बाहीर काडलं की पळीव, आत आनलं की कोंड."

रेश्मा म्हणाली, जखम भरेपर्यंत दहा दिवस शौर्याच्या पाठीवर खोगीर चढणार नाही, म्हणजे संपलंच सगळं.

"व्हय, धा दिवस पळवायचं न्हाई," कृष्णात म्हणाले. "जांभळीवर बस आन् त्याला दोरीनं शेजारी घे. मोबाइल हितं ठेव. मग बी तुला वाटलं तर घोडी हरिबाला देऊ."

तर अशी ती माझ्या पाठीवर परत आली, रागानं, पाय ताठ करून, आठ महिन्यांनी. मी आनंदानं नाचले असते, पण डाव्या अंगाला तो होता. कालव्याच्या पुलावर तो अडून बसला. पाण्यात स्वतःचं डोकं बघून दचकला. टिटवी ओरडली तर माझ्या पोटात शिरायला आला. एवढा सहा वर्षांचा रुबाबदार घोडा, आणि त्याला कडेचं गवत कसं ओरबाडायचं तेही येत नव्हतं. मी ज्याचा हेवा करत होते त्याच्यापाशी एवढंच होतं हे बघून मला थोडी लाज वाटली. फार नाही.

चौथ्या दिवशी रेश्माचे पाय सैल पडले. सहाव्या दिवशी तिनं लगाम मानेवर टाकला आणि कॉलेजातल्या कुठल्या तरी वल्लरीबद्दल सांगायला लागली. माझं काळीज सुपाएवढं झालं. मग ध्यानात आलं, तिचा एक हात त्याच्या मानेवर होता आणि ती आम्हा दोघांनाही सांगत होती. हरिबाकडे पाठवायचा विषय परत निघाला नाही. पण माझी गोष्ट त्याच्याबरोबर वाटून घ्यावी लागली, आणि वाटून घेणं माझ्या रक्तात नाही.

जखम भरल्यावर रेश्मा त्याच्यावर आणि कृष्णात माझ्यावर, असे आम्ही जाऊ लागलो. आधी नुसतं चालणं, मग दुडकी, शेवटी दोन दिवस मेखा. शौर्य आता नाचत नव्हता, पण त्याला एक खोड लागली. मी खिंकाळले की तो जिथे असेल तिथे थांबायचा आणि वळून बघायचा. एकदा मी मुद्दाम करून बघितलं. तो ऐन पळण्यात थबकला आणि रेश्मा पडता पडता वाचली. कृष्णातांना वाटलं, त्याला माशी चावली.

तो माझ्याशिवाय गोठ्याबाहेर पडेना, म्हणून सांगलीला मलाही नेलं, त्याला सोबत. नदीकडच्या एका मोठ्या मैदानावर मंडप होता, भोंगा होता, जिकडेतिकडे बूट घातलेली मुलं. मला पट्टीच्या कडेला लिंबाखाली बांधलं. बांधता बांधता कृष्णात शेजारच्या माणसाला सांगत होते, पोरगी निवडली गेली तर सहा महिन्यांची शिबिरं, घोडा तिच्यासोबत जाणार. मी ते नीट ऐकलं. निवडली नाही तर ती घरीच राहणार होती. कालवा, ऊस, गप्पा, सगळं.

पहिली मेख तिनं उचलली. दुसरीही. तिसऱ्या फेरीच्या आधी तिची नजर वेळेच्या फळ्याकडे गेली. मला ती नजर ओळखू आली. भाला मातीत गेला आणि मेख तिथेच राहिली. अवधूत सर तिच्याकडे पळत गेले आणि हातवारे करून काहीतरी सांगू लागले. तिनं मान हलवली आणि शौर्याला सुरुवातीच्या रेषेकडे न नेता बाजूच्या गवताकडे नेलं. लगाम मानेवर टाकला. तो चार घास ओरबाडून खात होता आणि ती त्याच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होती, हसत होती. भोंग्यानं तिचं नाव दोनदा पुकारलं. सर कमरेवर हात ठेवून उभे होते.

ते हसू माझं होतं. तिला ते मीच शिकवलं होतं असं म्हणा, किंवा तिनं मला. ती त्याच्यावर बसून ते हसत होती.

ती रेषेवर आली. शौर्य सुटला, आणि हाक माझ्या गळ्यापर्यंत आली. एकच खिंकाळी. तो थबकला असता, मेख राहिली असती, टेम्पोतून आम्ही तिघं परत आलो असतो आणि उद्या सकाळी ती माझ्या मानेत तोंड खुपसून रडली असती. कुणालाही काही कळलं नसतं. माझ्या तोंडापुढे हरभऱ्याचा तोबरा होता. मी त्यात डोळ्यांपर्यंत तोंड खुपसलं आणि चावत राहिले. हरभरे कसे लागले ते मला आठवत नाही.

आरडाओरडा झाला तेव्हा मी तोंड वर काढलं. भाल्याच्या टोकावर मेख होती आणि वेळही बसली होती. रेश्मा उडी मारून उतरली आणि शौर्याच्या गळ्यात पडून रडली. मी सगळं बघितलं, मान वळवली नाही. ती जिंकली हे मैदानातल्या सगळ्यांना दिसलं. मी काय गिळलं ते फक्त मला माहीत आहे, आणि आता तुम्हाला.

मग ती माझ्याकडेही आली. "जांभे," म्हणाली आणि भोवऱ्यावर ओठ टेकवले. तिचा गाल ओला होता. पण ते पाणी त्याच्या गळ्यावर पडून उरलेलं होतं, मी काही वेडी नाही.

आता ती दोघं शिबिराला आहेत. माझी नजर थोडी मंद झाली आहे, पुढचा उजवा पाय थंडीत दुखतो. कृष्णात मला रोज संध्याकाळी फिरवून आणतात आणि फौजेतल्या गोष्टी सांगतात, त्याच त्या. लीलाबाईंनी परवा काजळ लावताना पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं. तुमच्या दारात तरणं घोडं आलं तर ते जरूर पळवा, मेखा उचला, नाव काढा. पण रोज थोडा वेळ त्याला कुठेही न पोचण्यासाठी चालवा, आणि जमलं तर एखादी म्हातारी बरोबर घ्या. हे मी त्याच्यासाठी नाही, बरोबरच्या म्हातारीसाठी सांगते आहे.

येत्या सोमवारी ती चार दिवसांच्या सुट्टीवर येते आहे. तोही येतोय. कृष्णात सकाळपासून गोठा झाडतायत आणि त्याला कुठे बांधायचं म्हणून इकडेतिकडे बघतायत. मी म्हशीकडे दोन पावलं सरकून उभी राहिले आहे. सावलीतली बाजू त्याला सोडली आहे. मनात काही कमी झालेलं नाही, पण पाय सरकले.